त्रैराशिकाआधीचा प्रश्न



फेब्रुवारी २०२३ मधली कांद्याची एक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोला एक रुपया दराने गेला. गाडीभाडे, हमाली, तोलाई यांपोटी ५०९ रुपये आणि वर काही पैसे वजा झाले आणि त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. वर्तमानपत्रांत तो धनादेश छापून आला, हळहळ व्यक्त झाली, पण त्या पट्टीतले गणित फारसे कोणी उलगडून दाखवले नाही. तोच कांदा किलोला १५ रुपयांनी गेला असता, तर ७,६८० रुपयांतून तेच ५०९ रुपये वजा होऊन सुमारे ७,१७० रुपये हाती आले असते. म्हणजे दर १५ पटींनी उतरला, तर हाती येणारा पैसा अडीच हजारांहून अधिक पटींनी उतरला. विक्रीची रक्कम भावाबरोबर चढते आणि भावाबरोबर उतरते. हमाली आणि तोलाई पोत्यावर किंवा वजनावर असतात. पोते उचलणाऱ्या माणसाच्या पाठीला कांद्याचा भाव कळत नाही, तेव्हा त्याची मजुरी भावाशी बांधता येणार नाही, हेही रास्तच आहे. एकाच कागदावर दोन निराळी प्रमाणे शेजारी शेजारी बसलेली असतात आणि भाव कोसळला की त्यांच्यातली फट शेतकऱ्याला गिळते. आज मला मांडायचे आहे ते एवढेच: धंद्यातले प्रमाणाचे गणित गुणाकारात चुकत नाही, ते गुणाकाराच्या आधी चुकते. कशाचे प्रमाण कशाशी, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आपल्याकडे हे गणित फार जुने आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास त्रैराशिकाचा नियम दिला: फळाला (दिलेल्या उत्तराला) इच्छेने (विचारलेल्या राशीने) गुणावे, प्रमाणाने (दिलेल्या राशीने) भागावे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्याच्या घराण्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्याने ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक, पंचराशिक आणि भागीदारांमधली वाटणी असे सगळे क्रमाने येते. भास्कराचार्याला त्रैराशिकाचे एवढे महत्त्व वाटे, की विष्णूने जग व्यापावे तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीचे पाढे पाठ करून ज्यांनी पेढ्या चालवल्या, त्यांना कागदाचीही गरज पडत नसे. मग ज्या समाजाच्या तोंडी हे गणित इतके खेळले, त्याच समाजात भागीदारीचे तंटे इतके का? माझ्या मते कारण असे, की शाळेत आपल्याला उदाहरण तयार मिळते. ‘समप्रमाण’ या धड्याखाली समप्रमाणाचीच उदाहरणे, ‘व्यस्तप्रमाण’ या धड्याखाली व्यस्तप्रमाणाचीच. बाजारातल्या उदाहरणाच्या डोक्यावर धड्याचे नाव नसते.

समप्रमाण घ्या. उसाचा दर हे त्याचे चोख उदाहरण. २०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला तर ३ रुपये ४६ पैसे जादा. हे ३ रुपये ४६ पैसे कुठून आले? ३५५ ला १०.२५ ने भागा आणि त्याचा दहावा हिस्सा घ्या, तोच आकडा येतो. हे शुद्ध त्रैराशिक आहे. पण पुढे बघा. उतारा घसरला तर त्याच हिशोबाने दर कमी होतो, मात्र ९.५ टक्क्यांपर्यंतच. त्याखाली उतारा गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांवर थांबतो. इथे प्रमाण मुद्दाम तोडलेले आहे. उतारा काही फक्त शेतकऱ्याच्या हातात नसतो, पावसाचा, तोडणीला झालेल्या उशिराचा, कारखान्याच्या यंत्रांचाही त्यात वाटा असतो, तेव्हा सगळी घसरण त्याच्या माथी मारू नये, असा निर्णय कोणीतरी विचारपूर्वक घेतला. समप्रमाण कुठून कुठपर्यंत चालू द्यायचे, हे असे आधी ठरवून, लिहून ठेवता येते.

जिथे ते ठरवलेले नसते, तिथे गल्लत होते. समजा, एका खानावळीचे ५० मेंबर आहेत. किराणा, भाजी, गॅस मिळून मेंबरमागे महिना २,००० रुपये खर्च आणि जागेचे भाडे १५,०००. एकूण खर्च १,१५,०००, म्हणजे मेंबरमागे २,३००. मालकाने २,५०० रुपये दर ठेवला, महिन्याला १०,००० रुपये सुटतात. आता परीक्षा संपल्या, मुले गावी गेली, ३० मेंबर उरले. एकमान पद्धतीने मांडणारा म्हणेल, मेंबरमागे २०० रुपये सुटतात, तेव्हा ३० मेंबरांवर ६,००० सुटतील. प्रत्यक्षात किराण्याचे ६०,००० आणि भाड्याचे १५,००० मिळून खर्च होतो ७५,०००, आणि ३० मेंबरांचे येतात तेवढेच ७५,०००. हाती शून्य. २,३०० हा आकडा ५० मेंबरांपुरता खरा होता, तो एका मेंबरचा खर्च कधीच नव्हता. भाड्याचे एकूण मेंबरसंख्येशी काहीच प्रमाण नाही. मेंबरमागचे भाडे मात्र मेंबरसंख्येशी व्यस्तप्रमाणात आहे: ५० असताना ३००, ३० असताना ५००. एकच रक्कम, एका बाजूने पाहिली तर स्थिर, दुसऱ्या बाजूने पाहिली तर व्यस्त. किती तरी लहान धंदे गिऱ्हाईक असूनही बसतात, त्यामागे ही दृष्टीची चूक असते असे मला ठामपणे वाटते.

व्यस्तप्रमाणात ही चूक अधिक खोल जाते. ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिकाची क्षेत्रे जपून सांगितली आहेत. धान्याची रास सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा १०० मापे भरली, पाच आढकांच्या मापाने किती? १४०. रास तीच राहते, म्हणून हे उत्तर बिनतोड. सोन्याचेही तसेच: कस वाढला की तेवढ्याच मोलाला वजन कमी लागते. आजच्या भाषेत १२ ग्रॅम २२ कॅरेट आणि ११ ग्रॅम २४ कॅरेट यांत शुद्ध सोने सारखेच. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा हजार भागांत ९१६ भाग शुद्ध, एवढेच सांगतो, आणि जुना दागिना मोडताना हे दोन ओळींचे गणित ज्याला येते त्याला समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही. दोन्ही ठिकाणी दोन राशींचा गुणाकार कायम राहतो. व्यस्तप्रमाणाचा प्राण तोच आहे. आता दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्या: १२० किलो चकली. चार बायका आहेत, एक मोठी कढई आहे, कढईतून तासाला ४ किलो चकली निघते, काम ३० तासांचे. आठ बायका लावल्या तर १५ तास, असे पाठ्यपुस्तक सांगेल. पण सोऱ्यातून चकल्या दुप्पट वेगाने पडल्या म्हणून तेल दुप्पट वेगाने तळत नाही. घाणा जेवढा वेळ घेतो तेवढा घेतोच. जास्तीच्या चौघी भाजणी मळून, ताटे भरून कढईची वाट बघत बसतील आणि मजुरी मात्र दुप्पट होईल. इथे वेळ व्यस्तप्रमाणात आहे तो कढयांच्या संख्येशी. दुसरी कढई आणि दुसरी शेगडी मांडली की त्याच आठ बायकांचे गणित जुळते. ‘इतकी माणसे, इतके दिवस’ हे उदाहरण शिकवताना जर कोणी मुलांना विचारले की ‘काम नेमके कुठे अडते?’, तर त्या एका प्रश्नाने ते उदाहरण शंभर पट उपयोगाचे होईल.

आता वाटणीचे प्रमाण, आणि इथे मला जरा रेंगाळायचे आहे, कारण घरे तुटतात ती इथे. भास्कराचार्याचे तीन व्यापारी ५१, ६८ आणि ८५ असे भांडवल घालतात, धंद्यात त्याचे ३०० होतात आणि वाटे पडतात ७५, १००, १२५. किती सुबक उदाहरण! पण तिघांनी एकाच दिवशी पैसे घातले, तिघांनी सारखेच राबले, हे त्यात गृहीत आहे. आपल्या फराळवाल्या बायकांपैकी तिघींची भागीदारी आहे असे समजू. पहिलीने ४०,००० रुपये घातले, वर्षभर. दुसरीने ६०,०००, आठ महिने. तिसरीने ८०,०००, पण दिवाळीच्या तोंडावर, तीन महिन्यांसाठी. नफा ९०,०००. भांडवलाच्या प्रमाणात वाटला तर वाटे २०, ३० आणि ४० हजार. भांडवल गुणिले महिने असे धरले तर ४,८०,०००, ४,८०,००० आणि २,४०,०००, म्हणजे २:२:१, आणि वाटे ३६, ३६, १८ हजार. पहिलीचा वाटा एका पद्धतीने सर्वांत लहान, दुसऱ्या पद्धतीने सर्वांत मोठ्यांपैकी. आणि तिघींत काहीच ठरले नसेल तर? १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे १३ वे कलम सांगते, की उलट करार नसेल तर नफा समान वाटायचा: प्रत्येकीला ३० हजार. एकच नफा, त्याच तिघी, आणि तीन वाटण्या. तिन्ही गणिते अचूक आहेत. कोणती न्याय्य, हे गणित सांगू शकत नाही. पहाटे उठून भाजणी दळून आणणारीचे श्रम तर या तिन्हींत कुठेच नाहीत, कारण तेच कलम असेही म्हणते, की ठरलेले नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही.

वाटणीचा पाया ठरवण्याची एक कसोटी मात्र आहे आणि ती वापरण्यासारखी आहे: खर्च किंवा नफा कशामुळे उद्भवला ते शोधा. एका टेम्पोतून ९०० किलो तांदूळ आणि १०० किलो काजू आले, भाडे ३,०००. तांदूळ ५० रुपये किलो, काजू ८०० रुपये किलो. वजनावर वाटले तर दोघांवर किलोमागे ३ रुपये. किमतीवर वाटले तर तांदळावर किलोमागे १ रुपया २० पैसे, काजूवर १९ रुपये २० पैसे. टेम्पो वजनाने भरतो, म्हणून भाडे वजनावर वाटावे. त्याच मालाचा वाटेतला विमा काढला असेल तर तो हप्ता किमतीवर वाटावा, कारण धोका किमतीचा आहे. एकाच फेरीत दोन पाये. कायद्यालाही हे ठाऊक आहे. भागीदारी मोडताना ४८ व्या कलमानुसार आधी बाहेरची देणी भागतात. उरल्यातून भागीदारांनी भांडवलाखेरीज दिलेल्या रकमा त्यांच्या प्रमाणात, मग भांडवल भांडवलाच्या प्रमाणात, आणि शेवटी काही राहिले तर ते नफ्याच्या प्रमाणात. एका कलमात प्रमाणाचे तीन निराळे पाये येतात, आणि प्रत्येकाला कारण आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे आता मोबाइल करतो. करतो, आणि बिनचूक करतो. पण भाडे वजनावर टाकायचे की किमतीवर, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि चुकीचे सांगितले तर तो चुकीचे उत्तर पैशापर्यंत नेमके काढून देतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धंदा विश्वासावर चालतो, भावाभावांत, मैत्रिणीमैत्रिणींत प्रमाणे लिहून काढणे म्हणजे मनात किल्मिष आणणे. या आक्षेपामागची भावना मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. वरच्या तिघींपैकी एकही लबाड नाही. पैसे जास्त घालणारीला भांडवलाचे प्रमाण स्वाभाविक वाटेल, वर्षभर पैसे अडकवणारीला महिन्यांचे, राबणारीला श्रमाचे. प्रत्येकीने मनाशी प्रामाणिकपणे निराळे प्रमाण धरले आहे आणि बाकीच्या दोघींनीही तेच धरले असेल असा प्रत्येकीचा विश्वास आहे. म्हणजे विश्वास पुरेपूर होता म्हणूनच भांडण झाले. प्रमाण लिहिले तर तो विश्वास कशावर ठेवला आहे, हे तिघींनाही दिसेल.

आपल्यापैकी ज्यांचा धंदा तोंडी भागीदारीवर चालू आहे त्यांना माझी विनंती आहे, की या आठवड्यात एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे: पैसे किती, किती महिने, काम कोणाचे, त्याचे महिन्याला किती, आणि राहिलेला नफा कशाच्या प्रमाणात. त्याखाली तोट्यासाठी आणखी एक ओळ लिहावी, कारण ती ओळ बहुतेक जण सोडतात. ती सोडली, तर त्या तीन महिन्यांसाठी आलेल्या तिसरीच्या अंगावरही कायदा तोट्याचा पुरता एक तृतीयांश टाकतो.