वधूच्या हातीं काय असावें ?

सकाळीं अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, पंक्ति उठतात. आणि संध्याकाळीं तेच वधूवर मंचावरील दोन शृंगारलेल्या खुर्च्यांपुढें येऊन उभे राहतात. या दुसऱ्या प्रसंगीं वधूच्या हातांत बहुधा एक पुष्पगुच्छ असतो. लाल गुलाब, चारदोन जरबेरा, भोंवतीं चकचकीत पारदर्शक कागद आणि खालीं जरीची फीत. छायाचित्रें निघेपर्यंत ती तो छातीशीं धरून उभी असते. वडीलधाऱ्यांना नमस्कार करावयाचा म्हटला कीं तो करवलीच्या हातीं जातो, करवली तो खुर्चीवर ठेवते, आणि रात्रीं दिवे मालवतांना तो तेथेंच राहून गेलेला सांपडतो. जी वस्तु त्या संध्याकाळच्या प्रत्येक चित्रांत कायमची उमटली, तिची आठवण दुसऱ्या दिवशीं घरांत कोणालाहि होत नाहीं. असें कां व्हावें, आणि त्या गुच्छाऐवजीं वधूच्या हातीं दुसरें काय देतां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान खरा. पण ज्या घरांत येत्या माघ-फाल्गुनांत कार्य निघावयाचें आहे, त्या घरांत तो लहान वाटणार नाहीं.

गुच्छ हातांत धरण्याची रीत युरोपांतली. गोव्यांतील व वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांत ती धर्मविधीबरोबर आली आणि तेथें ती आतां घरचीच झाली आहे. इतर मराठी घरांत ती सायंकाळच्या स्वागत-समारंभाचें बोट धरून शिरली. उसनी आणलेली रीत माणसें मूळ धन्यापेक्षांहि अधिक कडकपणें पाळतात. त्यामुळें गुच्छ असा आणि एवढाच असावयाचा, अशी समजूत आपल्याकडे लवकर पक्की झाली. प्रत्यक्षांत खुद्द युरोपांत त्याचें रूप दर दोन पिढ्यांनीं पालटत आलें आहे.

त्याच्या उगमाविषयीं एक कथा फार सांगितली जाते. इंग्लंडांतील लोक जुन्या काळीं वर्षांतून एकदांच स्नान करीत, आणि अंगाची दुर्गंधी झांकली जावी म्हणून वधू फुलें हातांत घेई, अशी ती कथा. ती चुरचुरीत आहे, पण तिला आधार नाहीं. सुशिक्षित घरांत तरी ती यापुढें सांगितली जाऊं नये. दिसतें तें असें कीं, सोळाव्या-सतराव्या शतकांत तिकडे विवाहप्रसंगीं फुलांइतकाच मान सुगंधी पाल्याला होता. १५४० सालीं आठव्या हेन्रीशीं ॲन ऑफ क्लीव्हज हिचा विवाह झाला, त्या वेळीं तिच्या सुवर्णमुकुटांत रोजमेरीच्या डहाळ्या खोंवलेल्या होत्या. रोजमेरी ही तिकडे स्मरणाची वनस्पति मानतात. म्हणून ती लग्नांतहि असे आणि प्रेतयात्रेंतहि असे. आपल्या दवण्याची किंवा मरव्याची जुडी कोणी वधूच्या हातीं दिली, तर ती या जुन्या इंग्रजी रीतीला आजच्या गुलाबांपेक्षां अधिक जवळची ठरेल.

१८४० मध्यें राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. तिनें शुभ्र पोशाख केला होता आणि केंसांत नारिंगाचीं फुलें माळलीं होतीं. पुढें या फुलांचा एवढा छंद वाढला कीं, ज्यांना खरीं मिळत नसत त्या मुली मेणाचीं करून घालीत. तेव्हां कृत्रिम फुलें म्हणून आज जीं नाकें मुरडलीं जातात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं तो पर्याय फार जुना आहे. वाईट असतें तें ओबडधोबड अनुकरण. पदार्थ कागद आहे कीं मेण, याला महत्त्व नाहीं.

परंतु त्या राजघराण्यांतील खरी घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. मर्टल नांवाचें एक सदाहरित झुडूप असतें. त्याला बारीक पांढरीं, सुवासिक फुलें येतात. १८४५ सालीं जर्मनींतील गोथा येथें प्रिन्स अल्बर्टच्या आजीनें व्हिक्टोरियाला एक लहानसा गुच्छ दिला. त्यांत मर्टल होतें. त्याच वर्षीं राणीनें आइल ऑफ वाइट बेटावर ऑसबर्न येथील घर घेतलें आणि गुच्छांतील एक डहाळी तेथें भिंतीलगत लावली. ती जगली. १८५८ मध्यें राणीच्या थोरल्या मुलीचें लग्न झालें, तेव्हां तिच्या हातांत मर्टल होतें. आणि तेव्हांपासून त्या घराण्याच्या वधूंच्या गुच्छांत तें घालण्याची रीत पडली. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथच्या पांढऱ्या ऑर्किडांमध्येंहि तें होतें. २०११ सालीं केट मिडलटन हिचा गुच्छ अगदीं आटोपशीर होता. पण त्यांत व्हिक्टोरियाच्या झुडपाचें मर्टल होतें, आणि १९४७ च्या गुच्छांतील डहाळीपासून वाढविलेल्या रोपाचेंहि होतें. एका आजीनें नातसुनेच्या हातीं दिलेली हिरवी काडी, ती एवढा काळ हातोहात चालत आली. याला राजवाडा लागत नाहीं. कुंडी लागते, आणि पाणी घालणारें कोणी तरी लागतें. सासरच्या अंगणांतील मोगऱ्याची फांदी माहेरच्या कुंडींत किंवा माहेरची सासरीं लावतां येते, आणि पुढच्या पिढीच्या लग्नांत तिच्याच कळ्या हातीं येतात.

याच घराण्यांत १९८१ मध्यें डायानाचा गुच्छ सुमारें साडेतीन फूट लांब होता. धबधब्यासारखा तो पायांपर्यंत ओघळत होता आणि दूरदर्शनावर तो साऱ्या जगानें पाहिला. त्याचीं अनुकरणेंहि पुष्कळ झालीं. लांबच लांब वस्त्र मागें सोडून भव्य चर्चमध्यें चालणाऱ्या वधूला तो शोभला असेल. पण बेताच्या उंचीच्या मुलीनें पैठणीसमोर तसला गुच्छ धरला तर पदरहि दिसत नाहीं आणि मुलगीहि दिसत नाहीं.

गुच्छाचें पुढें काय होतें, यावरून त्याची किंमत ठरवावी. २६ एप्रिल १९२३ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें एलिझाबेथ बोज-लायन या तरुणीचा विवाह होता. पुढें तिचा पति सहावा जॉर्ज म्हणून राजा झाला. पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं लूसच्या लढाईंत तिचा भाऊ फर्गस मारला गेला होता. ॲबींत शिरल्यावर अज्ञात सैनिकाची समाधि लागते. ती तेथें थांबली, हातांतला गुच्छ तिनें समाधीवर ठेवला, आणि ती रिकाम्या हातांनीं वेदीपर्यंत चालत गेली. नंतरच्या राजवधूंनीं ही रीत चालू ठेवली. पण त्या विवाह आटोपल्यावर गुच्छ तेथें पाठवितात. १९५६ मध्यें मोनाको येथें ग्रेस केली हिच्या विवाहांत तर मुख्य वस्तु गुच्छ नव्हताच. मोत्यांनीं व लेसनें मढविलेलें एक लहान प्रार्थनापुस्तक आणि लिली ऑफ द व्हॅलीच्या चार नाजूक काड्या, एवढेंच त्या प्रसिद्ध नटीच्या हातांत होतें. विवाहानंतर तिनें तीं फुलें तेथील सेंट देवोत या संतस्त्रीच्या मंदिरांत वाहिलीं. पुस्तक मात्र जपून राहिलें. गुच्छ पाठमोरा फेंकून तो कोण झेलतो हें पाहण्याची जी धांदल अलीकडे आपल्याकडील कांहीं समारंभांत होऊं लागली आहे, तिच्यापेक्षां हें कितीतरी बरें.

युरोपाबाहेर पाहिलें तर वधूच्या हातीं फुलेंच असावींत, असा नियम कोठेंच आढळत नाहीं. जपानांत पारंपरिक शुभ्र किमोनो घातलेल्या वधूच्या कमरपट्ट्यांत एक घडीचा पंखा खोंवलेला असतो. तो उघडला कीं टोंकाकडे रुंद होत जातो. पुढील आयुष्य तसेंच विस्तारत जावो, हा त्याचा अर्थ. जवळच रेशमी पिशवींत लहानशी कट्यारहि असते. कट्यारीच्या टोंकाला लिंबू टोंचून बोहल्यावर येणारा नवरदेव ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तिचें नवल वाटूं नये. चीनमध्यें तांग राजवटींत वधू गोल पंख्याआड मुख झांकून बसे, आणि तो पंखा खालीं यावा म्हणून कविता म्हणाव्या लागत. उखाण्यावांचून नांव न घेणाऱ्या घरांना ही युक्ति ओळखीची वाटेल. एकविसाव्या शतकांत तेथील मुलींनीं भरतकामाचा तो पंखा पुन्हां हातीं घेतला आहे. बंगालमध्यें शुभदृष्टीच्या वेळीं वधू दोन विड्याच्या पानांनीं तोंड झांकते. शिवाय कुंकवाची लांकडी कुपी तिच्या हातांत असते. शोला नांवाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्याशुभ्र गाभ्यापासून तेथें वराचा टोपर बनवितात, आणि त्याच गाभ्याचीं फुलेंहि करतात. तीं वजनाला जवळजवळ नाहींतच, आणि कोमेजण्याचा प्रश्नच नाहीं.

मग मराठी वधूच्या हातांत कांहींच नव्हतें काय ? गौरीहरापुढें बसलेल्या मुलीच्या हातांत तांदुळांच्या अक्षता असतात, ओटींत नारळ असतो, वरमाला असते. पाठीमागें करवली करा घेऊन उभी असते आणि शकुनाचा दिवाहि असतो. पाश्चात्त्य देशांत अलीकडे फुलांच्या जागीं लहान कंदील हातीं घेण्याची टूम निघाली आहे. आपल्या करवलीला तें शिकविण्याची गरज नाहीं.

आतां थोडें व्यवहाराचें. स्वागत-समारंभ तीन-चार तास चालतो आणि वर प्रखर दिवे असतात. मोगरा त्या उष्णतेनें तांबूस पडतो. जरबेऱ्याचें डोकें जड आणि देंठ पोकळ, म्हणून त्याला तार किंवा नळी द्यावी लागते. निशिगंध आणि शेवंती टिकतात. कमळाचें एकच फूल, पाकळ्या दुमडून, लांब देंठासह हातीं दिलें तर दुसऱ्या कशाची जरूरी पडत नाहीं. गव्हाच्या वाळलेल्या ओंब्या रेशमी फितीनें बांधल्या तर त्या वर्षभरहि तशाच राहतात. ज्यांच्या गांवीं शेती आहे त्यांनीं त्या घरच्याच शेतांतून आणाव्या. वाळ्याचा पंखा थोडें पाणी शिंपडलें कीं दरवळतो, आणि वैशाखांतल्या लग्नांत त्याचा उपयोगहि होतो. आजीच्या जीर्ण झालेल्या रेशमी लुगड्याच्या कांठाचीं फुलें शिवणारीं माणसें शोधलीं तर अद्याप मिळतात. आणि घरोघरीं जीं मंगलाष्टकें हौसेनें रचून छापलीं जातात, तीं सुट्या कागदावर न ठेवतां लहानशा बांधीव पुस्तकाच्या रूपानें वधूच्या हातीं कां देऊं नयेत ? ग्रेस केलीच्या पुस्तकापेक्षां तें तिळभरहि कमी दिसणार नाहीं.

फुलेंच हवीं असतील त्यांनीं तीं अवश्य घ्यावीं. तळेगांव दाभाडे येथील हरितगृहांत गुलाब पिकविणाऱ्यांचा संसार या सणासमारंभांवरच चालतो, आणि पर्यायाच्या नांवाखालीं परदेशांतून आलेलीं प्लॅस्टिकचीं फुलें घेणें हा सर्वांत वाईट पर्याय आहे. फक्त फुलांभोंवतींचा पारदर्शक कागद काढून टाकण्यास सांगावें, आणि मंचावरील सजावटींत फुलें टोंचण्यासाठीं जो हिरवा, विटेसारखा फेस वापरतात तो टाळावा. तोहि एक प्रकारचें प्लॅस्टिकच. त्याचा चुरा होतो, माती होत नाहीं. इंग्लंडांतील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनें २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मज्जाव केला आहे.

विदर्भांतील वाचकांच्या लक्षांत एक गोष्ट कदाचित् आलीच असेल. ज्या नारिंगाच्या फुलांसाठीं व्हिक्टोरियाच्या काळच्या मुली मेणाचा आश्रय करीत, त्यांच्याच जातीचीं फुलें नागपूरच्या बागांत जानेवारी-फेब्रुवारींत, आंबिया बहाराच्या वेळीं, झाडें भरभरून येतात. तो काळ नेमका लग्नसराईचा. झाडावर येणाऱ्या फुलांपैकीं फारच थोड्यांचीं फळें होतात. बाकीचीं आपोआप गळतात. तेव्हां चार डहाळ्या काढल्यानें बागवानाचें नुकसान होणार नाहीं, आणि त्या सुवासापुढें आणलेल्या गुलाबाला उभें राहतां येणार नाहीं. तरीहि नागपूरकडील मंचावर दिसतो तो तोच पारदर्शक कागदांतला गुच्छ.

एक गुच्छ मात्र आपल्या घरांत निखालस आपला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात आणि जावयाच्या गळ्यांत हलव्याचा हार घालून हातीं हलव्याचा गुच्छ देतात. कढईंत एकेक चमचा पाक सोडीत, हातानें हालवीत, कांटा फुटेपर्यंत घरच्या बायका बसतात. मग तो हलवा तारेवर व दोऱ्यांत ओंवून पाकळ्या होतात. त्याला पाणी नको, फीत नको. आणि सण उलटला कीं घरांतील मुलें त्याच्या एकेका पाकळीवरचे दाणे हळूच तोडून खातात.