सवलतीची वाट पाहणारे गिऱ्हाईक



सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक चादरीची घडी उलगडते, काठ बोटांत धरून बघते आणि म्हणते, "कमी करा की ओ." दुकानदार एकदा त्याच्याकडे पाहतो आणि किती सोडायचे ते ठरवतो. ज्याने मागितले त्याला कमी, ज्याने मागितले नाही त्याला छापील भाव. हे न्यायाचे होते का, यावर वाद घालता येईल, पण हिशेबाला ही रीत पक्की होती. ऑनलाइन दुकानाने ती मोडली. तिथे 'दिवाळी वीस टक्के' ही पाटी दारातच लागलेली असते. ज्याने जन्मात घासाघीस केली नसती, त्याच्याही बिलातून दोनशे रुपये आपोआप वजा होतात.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. असा माल घरबसल्या मागवणारे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येते, तेव्हा दुकानदाराला वाटते की माल आवडला. आवडलाही असेल. पण ते चादरीसाठी येते की सवलतीसाठी, हे वहीतून कसे ओळखायचे, हा आजचा विषय.

आधी पैशाचे बोलू. हजार रुपयांची चादर सगळा खर्च धरून सातशेला पडते असे समजा. सुटतात तीनशे. वीस टक्के सूट दिली की ती आठशेला जाते आणि सुटतात शंभर. म्हणजे एका चादरीवर जे मिळत होते, त्यासाठी आता तीन विकाव्या लागतात. वर कुरिअर आहेच, आणि दारात पैसे देण्याच्या बोलीवर मागवलेले पार्सल परत आले तर दोन्ही वेळचे भाडे आपल्याच माथी. विक्रीचा आकडा मात्र फुगलेला दिसतो, आणि आपल्याकडे व्यापारी एकमेकांना सांगतात तो विक्रीचाच आकडा.

बहुतेक जण ओळखण्याचा सोपा मार्ग धरतात. ज्याच्या सगळ्या ऑर्डरी कूपनवर, तो सवलतीचा. हा मार्ग फसवा आहे. तुमच्या दुकानात शंभरातल्या साठ ऑर्डरी सवलतीतच जात असतील, तर सवलतीचे काहीही पडलेले नसलेल्या माणसाच्याही चारच्या चार ऑर्डरी सवलतीत पडण्याची शक्यता शंभरात तेरा आहे. सहा ऑर्डरी झाल्या तरी ती शंभरात जवळपास पाच उरते. दोन ऑर्डरींवर कुणाचा स्वभाव ठरवणे हा तर निव्वळ अन्याय. म्हणून गिऱ्हाइकाचे प्रमाण आधी दुकानाच्या सरासरी प्रमाणाशी ताडून पाहावे. सगळ्यांना आपोआप मिळालेली सूट आणि गिऱ्हाइकाने स्वतः शोधून घातलेले कूपन, हेही वेगळे लिहावे. पहिली तुम्ही दिलेली असते, दुसरे त्याने मिळवलेले.

यात चादरीचा आणखी एक घोळ आहे, आणि तो आपल्या गावाला चांगला कळेल. चादर थंडीत खपते. दिवाळीही त्याच सुमाराला येते, आणि सेलही तेव्हाच लागतो. दरवर्षी दिवाळीला दोन चादरी घेणारी गृहिणी वहीत पक्की सवलतवाली दिसते. प्रत्यक्षात ती थंडीसाठी घेत असेल. लग्नसराईत आहेरासाठी डझनावारी टॉवेल उचलणाऱ्याचेही तेच. त्याची तारीख मुहूर्त ठरवतो. म्हणून चादरीपेक्षा टॉवेलची खतावणी बघा. आहेर सोडला तर टॉवेल बारा महिने लागतो. जो माणूस टॉवेलसुद्धा फक्त सेलमध्येच घेतो, मधल्या काळात दोनदा टोपलीत घालून तसाच ठेवतो आणि कूपनचा निरोप गेला की त्याच दिवशी पैसे भरतो, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. 'पहिल्या खरेदीवर सूट' घ्यायला एकाच पत्त्यावरून नवनवे मोबाइल नंबर येत असतील तर तीही खूण. अर्थात एका वाड्यात चार बिऱ्हाडे असू शकतात, हे विसरू नका.

अजून आपण शंकेवरच आहोत. पुरावा एकाच जागी मिळतो: सवलत नसताना माणूस काय करतो, तिथे. त्यासाठी चिठ्ठ्या टाका. हजार जुन्या गिऱ्हाइकांतून दोनशे जण चिठ्ठीने निवडा आणि त्यांना कूपन पाठवू नका. निवड चिठ्ठीनेच करायची. 'हे आपले नेहमीचे, यांना राहू दे' असे मनाने ठरवले की प्रयोग बुडाला. आता उदाहरणादाखल धरू की कूपन मिळालेल्यांपैकी शंभरात आठ जणांनी चादर घेतली, न मिळालेल्यांपैकी शंभरात सहा जणांनी. मघाचाच हिशेब लावा. आठ गुणिले शंभर, आठशे रुपये. सहा गुणिले तीनशे, अठराशे रुपये. विक्री दोनने वाढली आणि मिळकत हजाराने घटली. त्या आठांतले सहा जण कसेही घेणारच होते.

ज्यांचा माल फक्त मोठ्या बाजारमंचांवर विकला जातो त्यांना हे जमणार नाही. गिऱ्हाईक कोण, हे तो मंच जाणतो, विक्रेता नाही. स्वतःचे संकेतस्थळ असण्याचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा हाच.

सवलतीची वाट पाहण्याची ही सवय गिऱ्हाइकाला लावतो कोण? दुकानच. आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण खादीचे. वर्षानुवर्षे खादीच्या विक्रीवर सरकारी रिबेट मिळत असे, आणि घरोघरी माहीत होते की सदरा घ्यायचा तो गांधी जयंतीनंतर. मग आधीच्या महिन्यांत घेणार कोण? १ एप्रिल २०१० पासून केंद्राने ती पद्धत बदलली आणि मदत विक्रीऐवजी उत्पादनाच्या मूल्यावर देऊ केली. तरी अजून २ ऑक्टोबरची वाट पाहणारे तुमच्या-माझ्या घरात आहेतच.

दुसरे टोक अमेरिकेचे. जे. सी. पेनी या जुन्या दुकानसाखळीत फेब्रुवारी २०१२ मध्ये तिचे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी कूपने आणि सेल जवळजवळ एकदम बंद करून रोजचा एकच रास्त भाव ठेवला. तत्त्व चुकीचे नव्हते. पण वर्षभरात विक्री सुमारे सतरा अब्ज डॉलरवरून तेरा अब्जांवर आली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावे लागले. इतक्या वर्षांची सवय एका फेब्रुवारीत सुटत नाही.

म्हणून माझे मत असे की ओळख पटली तरी या गिऱ्हाइकाला झिडकारू नये. सूट हळूहळू उतरवावी, वीसवरून पंधरा, मग दहा. मागच्या रंगांचा, नक्षीचा पडून राहिलेला माल आधी त्यालाच दाखवावा. गोदाम मोकळे करायला त्याच्याइतके कामाचे कुणी नाही. पूर्ण भावाने घेणाऱ्याला मात्र उगाच कूपन पाठवून बिघडवू नका. त्याला नवी नक्षी आधी दाखवा, चादरीबरोबर एखादा नॅपकिन द्या. आणि 'फक्त दहा मिनिटे उरली' असली खोटी घाई कुणालाच लावू नका. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती फसवणुकीची पद्धत ठरते.

इथे बसलेल्या दुकानदारांना एवढीच विनंती: येत्या दिवाळीत चिठ्ठ्या टाकून दोनशे जणांना कूपन पाठवू नका. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा सुरू होण्याआधी वही उघडून कूपन मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडा.