तंजावरची मोडी कागदपत्रे : यंत्र आणि गुरुमुख



तंजावर येथील श्वार्ट्झ चर्चमध्ये लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडविलेले एक संगमरवरी स्मारक आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा हात दुसरे सरफोजीराजे यांनी आपल्या हाती घेतला आहे, असा प्रसंग त्यात कोरलेला आहे. श्वार्ट्झ हा राजांचा गुरू. तो १७९८ मध्ये निवर्तला. त्याचे स्मारक राजांनीच करवून घेतले. हे राजे यंत्राला भिणारे नव्हते. त्यांनी छापखाना उभारला आणि १८०६ मध्ये त्यातून इसापनीतीचा मराठी अनुवाद बाहेर पडला. यंत्राची आवड आणि गुरूचा हात यांत त्यांना विरोध दिसला नाही. आज त्यांच्याच नगरीत हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा आहे.

राजांनी वाढविलेला सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह १९१८ पासून सर्वांसाठी खुला झाला. भोसले राजवटीचा दैनंदिन कारभार मात्र मोडी कागदांत आहे. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात, मग हात न उचलता लिहीत जातात. शब्द तोडीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. लिहिणाऱ्याला सोय, वाचणाऱ्याला संकट! अशा जीर्ण कागदाची छायाचित्रे संगणकात साठविली, तर मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही आणि पुण्याच्या अभ्यासकाला घरबसल्या पान दिसते. २०१४ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतसंहितेत मोडीलाही स्थान मिळाले. हे लाभ थोडे नव्हेत.

परंतु पान दिसणे म्हणजे पान वाचता येणे नव्हे. ‘कलम’ हा एकच शब्द घ्या. पुण्याचा वाचक त्याचा अर्थ लेखणी किंवा नोंदीची बाब असा करील. तंजावरच्या हिशेबात तेच भात मोजण्याचे माप असू शकते. ‘चक्रम’ वाचून त्याला हसू येईल. येथे ते नाणे आहे. असे शब्द जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, पानावर बोट ठेवून, चुकत चुकत शिकावे लागतात. तमिळ विद्यापीठाने या कागदांपैकी काहींची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली, त्यामागेही मोडी जाणणाऱ्यांची विद्या होती. संगणकाला मोडी वाचावयास शिकवावयाचे, तरी त्याच्यापुढे प्रथम माणसाने केलेले बिनचूक वाचन ठेवावे लागते.

काळजीचे कारण येथेच आहे. तंजावरी मराठी घरात बोलणारी कित्येक कुटुंबे चेन्नई, बंगळूर येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांचे शिक्षण तमिळमधून वा इंग्रजीतून होते, आणि आजीची बोली बहुधा दूरध्वनीवरूनच कानी पडते. तेवढीही पडते, हे यंत्राचेच उपकार. तथापि आजीचे सहज बोलणे, एखाद्या शब्दावर थबकणे, जुनी पेटी उघडून कागद काढणे, हे ठरावीक दहा मिनिटांच्या संभाषणात घडत नाही.

छायाचित्रणाचे काम निधी मिळताच सुरू होऊ शकते. मोडीचा वाचक तयार व्हावयास वर्षे लागतात. म्हणून कॅमेऱ्यासाठी पैसा मंजूर होईल त्याच दिवशी दोन-चार तरुणांना विद्यावेतन देऊन जाणत्या वाचकापाशी बसवावे. पडद्यावर पान मोठे करून दोघांनी मिळून ते वाचावे. अडलेल्या शब्दासाठी तंजावरच्या एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या ओसरीवर जावे, आणि शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.