‘कचराऽ’ अशी हाक आली की

सकाळी नऊच्या सुमारास तुमच्याही जिन्यात ‘कचराऽ’ अशी हाक येत असेल. बादल्या दाराबाहेर जातात, दार लागतं, आणि आपल्यापुरता कचरा संपतो. त्या हाकेपाशी आज जरा थांबू या.

पूर्वी पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या होत्या. ओलं, सुकं, फुटकं सगळं त्यातच. कचरावेचक बायका त्यात वाकून उघड्या हातांनी रद्दी, काच, पत्रा निवडायच्या. बहुतेक दलित समाजातल्या. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या घरांतल्याही पुष्कळ. पाठीवर पोतं दिसलं की लोकांना आधी चोरीचा संशय यायचा.

1993 मध्ये या बायकांनी डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली संघटना बांधली. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने त्यांच्या सोबत होत्या. नाव ठेवलं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. भंगारातल्या मालाचीच नावं संघटनेला दिली, यातला स्वाभिमान मला फार मोठा वाटतो. दोन-तीन वर्षांतच पंचायतीच्या ओळखपत्रांना पुणे महापालिकेने मान्यता दिली. हवालदाराने हटकलं तर दाखवायला जिच्याजवळ काहीच नव्हतं, तिच्या हाती महापालिकेने मान्य केलेलं कार्ड आलं. हे माझं काम आहे, असं ती आता सांगू शकत होती.

पुढे 2008 मध्ये याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने पाच वर्षांचा करार केला. त्यांनी दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत रिकामा करायचा. सुक्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसे त्यांचे. ढकलगाड्या, हातमोजे, बादल्या महापालिकेने पुरवायच्या. आणि दर महिन्याचं सेवाशुल्क? ते आपण घराघरातून त्यांना द्यायचं. म्हणजे ही नगरसेवा महापालिकेच्या कार्यालयाइतकीच आपल्या उंबऱ्यावरही चालते. तिथे आपण पाच तारखेचं पंधरा तारखेवर ढकललं, तर तिच्या घरातला किराणा अडतो.

आपण न निवडता दिलेला कचराही कुठेतरी जातोच. वर्षानुवर्षं तो पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, दुर्गंधीने माणसं हैराण झाली, गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. आपल्या स्वयंपाकघरात दोन मिनिटांचं काम टाळलं, त्याचा भार त्या गावांनी सोसला.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे काचेचा पेला फुटला. घाईघाईत मी तुकडे सुक्या कचऱ्यात तसेच टाकले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या ताईंच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. विचारल्यावर म्हणाल्या, “काच होती, बाई. कुणाची काय म्हायती.” मला माहीत होतं. त्या दिवशी मला ते बोलता आलं नाही. चार दिवसांनी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता कागदात गुंडाळून देत जावा.”

एवढंच मागणं आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, असं ‘स्वच्छ’च्या बायका कितीतरी दिवस सांगत आहेत. 2016 च्या घनकचरा नियमांनीही हेच सांगितलं होतं: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्या, पॅड-डायपर नीट गुंडाळून द्या. पण दार उघडल्यावर नियमाचं पुस्तक समोर नसतं, समोर एक बाई उभी असते, आणि ती पुडी तिला हातात घ्यायची असते.

आमच्या स्वयंपाकघरात आता जुनी वर्तमानपत्रं आणि एक लाल पेन ओट्याखालीच ठेवलेलं असतं. काच फुटली तर पुडीवर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि वाचता येत नसलं तरी कळावं म्हणून शेजारी फुटक्या पेल्याचं चित्र काढायचं. चित्र काढायचं काम माझ्या नातीकडे आहे.