जखमांचीही वही ठेवू या

दर वेळी मी बचतीच्या वहीबद्दल बोलते. आज दुसऱ्या एका वहीबद्दल बोलणार आहे.

आपल्या हिवरे बाजारात पाऊस किती पडला ते मोजतात. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी बघून पिकं ठरवतात. मोजलं, म्हणून पाणी टिकलं. पण अपघातात कोण जखमी झालं, कोण गेलं, याचा हिशोब आपण ठेवतो का?

देशाचा हिशोब बघा. 2022 साली देशात 4 लाख 30 हजारांवर माणसं अपघाती गेली. हा आकडा पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला आहे. म्हणजे जे पोलिसांपर्यंत पोचलं नाही, ते त्यात नाही. दवाखान्यांच्या आकड्यांचंही तसंच. दवाखान्यात गेलेलंच माणूस तिथं मोजलं जातं.

साप चावण्याचं उदाहरण घ्या. संशोधकांनी घरोघरच्या मृत्यूंची माहिती घेतली, तेव्हा 2005 या एका वर्षात सर्पदंशानं सुमारे 46 हजार माणसं गेल्याचा अंदाज निघाला. दवाखान्यांच्या सरकारी आकड्यांच्या तीसपटींहून हा जास्त! शंभरातली 97 माणसं खेड्यातली, आणि 77 जणांचा मृत्यू दवाखान्याबाहेर झालेला.

माझ्या माहेरी भावकीतल्या एका वहिनींना गवत कापताना साप चावला. आधी मांत्रिकाकडे नेलं, तिथं दोन तास गेले. दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या. घरच्यांनी तशीच परत आणून माती दिली. पुढं मदतीचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा हातात एकही कागद नव्हता. वहिनी कुठल्याच आकड्यात नाहीत.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करू.

पहिली, जीव वाचवायची. साप चावला की करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. बांगड्या, अंगठी, जोडवी काढायची, कारण सूज चढते. हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवायचा. माणसाला चालवायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. विषावरची लस तिथं मिळते. मण्यार चावली तर कधी कधी दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तरी थांबायचं नाही.

दुसरी, नोंदीची. जीव गेलाच, तर दुःखातही पोलिसांत कळवायचं आणि डॉक्टरांचा कागद घ्यायचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, सगळं त्यात येतं. अर्ज तालुका कृषी कार्यालयात करायचा, तोही लगेच.

आणि आता वही. गटाच्या बैठकीत पाच मिनिटं काढायची. महिन्यात कोणाला इजा झाली, कशानं, कुठं, दवाखान्यात नेलं का, एवढंच लिहायचं. कडबाकुट्टीत पदर अडकला, विहिरीवर पाय घसरला, गाडीवरून मागं बसलेली बाई पडली, सगळं लिहायचं. वर्षाखेरी ती वही ग्रामसभेत वाचायची. एकाच विहिरीवर तिघी घसरल्या असं दिसलं, तर तिथं कठडा मागता येईल.

पाण्याचा थेंब मोजणारं आपलं गाव आहे. माणसं मोजायला आपण का मागं राहायचं? पुढच्या बैठकीला एक कोरी वही घेऊन या.