शेकडा किती? आणि कशाचे?



मी भाषेचा शिक्षक. रसायनशास्त्रातील शेकडेवारीवर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण शेकडेवारी जितकी गणिताची, तितकीच व्याकरणाचीही बाब आहे. ‘शेकडा बारा’ हे विधान अपुरे आहे. ‘कशाचे?’ या प्रश्नाचे उत्तर जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आपल्या लोणारचेच पाहू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या भागात काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात, अशी नोंद केली. सरोवरातील क्षारांना पूर्वी डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. साबणाला हवा असतो सोडा. क्षाराबरोबर येणारे पाणी नव्हे. म्हणून क्षाराची पारख म्हणजे त्यात सोडा शेकडा किती, याची पारख.

धुण्याच्या सोड्याचे स्फटिक घ्या. १०० ग्रॅम स्फटिकांत सोडियम कार्बोनेट सुमारे ३७ ग्रॅम असते. उरलेले ६३ ग्रॅम पाणीच. हे स्फटिक कोरड्या हवेत उघडे ठेवले की पुष्कळसे पाणी उडून त्यांची पांढरी भुकटी होते. त्या भुकटीत सोडा शेकडा ८५ भरतो. सोडा कणभरही वाढलेला नसतो. घटलेले असते ते पाणी. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हाही असेच घडले. पाणी आटले, खारटपणाचे प्रमाण वाढले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ते आढळून आले.

आता शेतकऱ्याच्या पोत्याकडे वळू. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा शेकडा १२ ठरलेली. २०२४ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने ती १५ पर्यंत शिथिल केली होती. समजा, १५ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला. वजन किती उरेल? बहुतेक जण ९७ किलो म्हणतील. पण सुका भाग ८५ किलो आहे आणि नव्या वजनात तो शेकडा ८८ असायला हवा. म्हणून उत्तर येते सुमारे ९६.६ किलो. घट तीन किलोंची नाही, जवळजवळ साडेतीन किलोंची आहे. कारण वाळताना शेकड्याचा पायाच बदलला.

प्रयोगशाळेत नमुना तोलतात, वजन घटायचे थांबेपर्यंत भट्टीत वाळवतात आणि पुन्हा तोलतात. आलेल्या घटीला मूळ वजनाने भागले तर ओलावा १५ टक्के. सुक्या वजनाने भागले तर तोच १७.६ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण भाव ठरवताना एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

म्हणून मुलांनो, टक्केवारी ऐकलीत की तीन प्रश्न विचारा. कशाचे टक्के? ओल्या वजनाचे की सुक्या? नमुना पोत्याच्या तोंडाचा की सगळ्या थरांतला? पालकांबरोबर बाजार समितीत गेलात तर काट्यापाशी उभे राहून हा हिशेब स्वतः करून पाहा. ज्याला ‘कशाचे?’ हे विचारता येते, त्याला आकड्यांनी सहजासहजी फसवता येत नाही. आपल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग घराला झाला पाहिजे.