आकाशातील डोळा आणि आपले माळवद



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले; म्हणून पोलिसांच्या ड्रोनविषयी आम्ही फाटकावरूनच बोलणार.

ड्रोन मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात आषाढीला पंढरपुरी लाखो वारकरी जमतात. गर्दी कोठे दाटली हे वरून दिसले, तर चेंगराचेंगरी टळते. तेथे गर्दी पाहावयाची असते, एकेकाचा चेहरा नव्हे. पण तोच ड्रोन फाटकावरच्या सभेवर घिरट्या घालू लागला, की कोण आला, कोण कोणाशेजारी उभा राहिला, याची नोंद होते. ती मालकाच्या हाती पडली तर? या नुसत्या धास्तीनेच हंगामी कामगार सभेला येणे सोडतो. लाठी न उगारता सभा मोडते!

सोलापुरास पाळत नवी नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे सोलापुरात काटेरी तारांच्या आत सेटलमेंट उभी राहिली. आतल्या माणसाचा गुन्हा एकच, विशिष्ट जमातीत जन्म! त्याला रोज हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही. आकाशातून हजेरी सुरू झाली, तर ती आधी कोणत्या वस्तीवर होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

न्यायालय काय म्हणते? उत्तर प्रदेशातील खडकसिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरविल्या. पण खासगीपण हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानावयास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्यात हात घालावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूपुरताच हवा.

आता व्यवहार पाहा. घराची झडती घ्यावयाची तर पंच लागतात, पंचनामा लागतो. उन्हाळ्यात माळवदावर निजलेल्या कुटुंबावरून ड्रोन गेला, तर पंच कोण आणि पंचनामा कोठे? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही गुन्हे रोखण्यासाठी व तपासासाठी मोठी सूट दिली आहे. म्हणजे कुंपण आहे, पण फाटक सताड उघडे!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ड्रोन कोणाच्या लेखी हुकमाने उडाला, कशासाठी उडाला, चित्रे कोणी पाहिली आणि किती दिवसांनी पुसली, याची नोंदवही ठेवा. शांततेच्या सभेतले चेहरे टिपू नका. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. अर्ज करून हे प्रश्न विचारा.

"आम्ही चोर नाही, मग भ्यावे कशाला?" असे काही सज्जन विचारतात. त्यांना आमचे एकच सांगणे. आपण चोर नाही, तरी रात्री दाराला कडी लावतोच ना? ती कडी लावण्याचा हक्क गरिबाच्या माळवदालाही असला पाहिजे.